हिशेब मोकळ्या जागेपासून

२ फेब्रुवारी

शपथ! आज आर्किटेक्टांनी शपथ घेतली. सभागृहात सगळे उभे, उजवा हात पुढे, आणि स्टेजवर माइकसमोर माझा धाकटा भाऊ – "पृथ्वीला ओझं होईल अशी एकही इमारत मी उभी करणार नाही." त्याच्या मागून सगळ्यांनी म्हटलं. शाळेत म्हणायचो तसं, शेवटचा शब्द लांबवत.

थंडी इतकी की मी शाल डोक्यावरून घेतली. एसी कमी करा म्हणून सांगायला गेले, तर तिथली मुलगी म्हणे, "मॅडम, सगळ्या इमारतीचा एकच आहे, इथून कमी होत नाही." खिडकी उघडा म्हटलं. उघडत नाही! नुसती काच. बाहेर छान वारा होता. झाडं हलताना दिसत होती.

आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरांना मागच्या रांगेत बसवलं होतं. इमारत दिसते ती यांची. पडली तर आमची. आमच्याकडून शपथ घेतली नाही, बरं झालं.

निघताना प्रत्येकाला एक कापडी पिशवी. पिशवीवर हिरवं पान. पिशवी प्लास्टिकच्या वेष्टनात.

दारात धाकटा भेटला. "कसं झालं, ताई?" म्हटलं, "आवाज छान लागला तुझा." त्याला ते कौतुकच वाटलं.

५ फेब्रुवारी

धाकटा ऑफिसात आला. स्वतः! एरवी ड्रॉइंग पाठवतो आणि फोनवरून माझ्या डोक्यावर बसतो. म्हणजे काहीतरी गळ्यात मारायचं होतं.

एका ट्रस्टची शाळा आहे. जुनी तीन मजली इमारत पाडायची, तिथेच नवी बांधायची. "संपूर्ण हरित, ताई! सगळ्यात वरचं मानांकन. शाळांमधली पहिली." चित्रं पसरली. पश्चिमेला मजल्यांवर मजले काच, काचेवर बाहेरून सोडलेल्या वेली. वेलींना पाणी? "पंप आहे." पंपाला वीज? "गच्चीवर सोलर आहे ना!" आणि दुपारचं ऊन पोरांच्या डोळ्यांत? "काच वेगळी आहे ग. तुला नाही कळायचं."

मला काय कळायचं नाही ते राहू दे. माझ्याकडून हवंय ते असं – जुनी इमारत धोकादायक असल्याचा दाखला. धडधाकट इमारत पाडायला परवानगी मिळत नाही. इंजिनिअरने धोकादायक म्हणून सही केली की मिळते.

"फॉर्मॅलिटी आहे, ताई. चाळीस वर्षांची इमारत आहे ती."

मी बासष्टची आहे. मलाही पाडून टाक म्हटलं. तो हसला. मी हसत नव्हते.

८ फेब्रुवारी

शाळा बघून आले. कुणी बांधली कोण जाणे, पण माणसाचं डोकं ठिकाणावर होतं. दक्षिणेला रुंद व्हरांडा. वर्गांना समोरासमोर खिडक्या. छत उंच. एका रिकाम्या वर्गात पंखा बंद करून मुद्दाम बसले. या खिडकीतून वारा आत, त्या खिडकीतून बाहेर. कुणी शपथ न घेता!

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, सगळीकडे बरोबर फिरल्या. ठेंगणी, तुरुतुरु चालणारी बाई. चालता चालता एका पोराचा शर्ट खोचला, दुसऱ्याच्या हातातला खडू काढून घेतला, बोलणं न थांबवता. नवी इमारत हवीय का म्हणून विचारलं. म्हणाल्या, "मला कोण विचारतंय? मी मुलींच्या संडासाच्या दुरुस्तीसाठी अर्ज केला होता. संडास राहिला, इमारत मंजूर झाली!"

वरच्या मजल्यांवर चाचणी परीक्षा चालू होती. कोअर काढायचा, म्हणजे ड्रिलने काँक्रीटच्या पोटातून नळकांड्यासारखा तुकडा कापायचा, तर कानठळ्या बसतात. बाईंनी हातच जोडले. "आज नको हो, पोरं पेपर लिहितायत." म्हटलं, राहू दे. माझा स्प्रिंगचा हातोडा पुरे आहे. खांबाचं प्लास्टर खरवडायचं, हातोडा दाबायचा, तो आपटून किती उसळतो तो आकडा वाचायचा. जास्त उसळला तर काँक्रीट टणक.

तिन्ही मजले फिरले. दुसरीच्या वर्गाबाहेर उभी होते तर आतून आवाज – "बाई, बाई! त्या आजी खांबाला इंजेक्शन देतायत!"

आकडे असे की काल बांधलेल्या इमारतींनी माना खाली घालाव्यात. धोकादायक म्हणे!

९ फेब्रुवारी

अहवाल पाठवला. इमारत सुरक्षित. किरकोळ दुरुस्ती करावी. खाली सही.

११ फेब्रुवारी

धाकटा येणार हे माहीतच होतं. दार लोटूनच आत आला.

"ताई, एक सही मागितली होती."

"एक खोटं मागितलं होतंस."

त्याला समोर बसवलं आणि विचारलं – नव्या इमारतीचा हिशेब केलास ना? सिमेंट किती, लोखंड किती, ते भाजताना धूर किती? त्यात ही जुनी कुठे आहे? हिच्या सिमेंटचा धूर तेव्हाच हवेत गेला. आता ही फोडून भरावात टाकायची आणि पुन्हा तेवढं सिमेंट भाजायचं. हे कुठे धरलंस ते दाखव.

म्हणतो, "ते धरत नाहीत. मानांकनाचा हिशेब मोकळ्या जागेपासून सुरू होतो."

मोकळी जागा! पोरं बसलीयत त्या मोकळ्या जागेत! पाढे म्हणतायत! आधी पाडायचं, मग डोळे मिटून म्हणायचं की इथे काही नव्हतंच, आणि मग पृथ्वी वाचवायची. वर त्याबद्दल पितळी पाटी लावून घ्यायची.

मग तोही भडकला. "तू मला शिकवू नकोस. तू आयुष्यभर काय केलंस? शंका आली, घाल लोखंड. भीती वाटली, घाल आणखी लोखंड. तुझ्या एका बीममध्ये माझ्या दोन इमारती उभ्या राहतील. तेव्हा कुठे गेली होती ग पृथ्वी?"

लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं. पण मी केलेली एक इमारत आजवर पडलेली नाही, एक! हे मी ओरडून सांगितलं. बाहेर ऑफिसातली मंडळी कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसून बसली होती.

विचारलं, "तुला मनापासून वाटतं का रे, की तू करतोयस ते चांगलं आहे?"

"हो," म्हणाला.

आणि त्याला खरंच वाटतं. त्याचाच जास्त राग येतो. लबाड असता तर एक थोबाडीत ठेवून दिली असती. लहानपणी मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला मीच शिकवलं याला. घरातलं एक टेबल न मोजता सोडलं नव्हतं आम्ही. आणि आता उभी इमारत याला दिसत नाही.

१२ फेब्रुवारी

भावजयीचा फोन. "वन्सं, तुम्ही दोघं खुशाल एकमेकांची डोकी फोडा, पण जेवणानंतर फोडा. हे कालपासून ताटावरून उठतायत."

म्हटलं, नाही जेवला तर नको जेवू दे. पृथ्वीचं ओझं तेवढंच कमी होईल.

ती हसली. फोन ठेवल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं. तरी परत फोन केला नाही.

१६ फेब्रुवारी

ट्रस्टची मीटिंग.

अध्यक्ष म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" असा माणूस. "मॅडम, तुमचा अनुभव मोठा, बरोबर? पण आम्ही दुसरं मतही घेतलंय, बरोबर?" आणि दुसरा दाखला टेबलावर ठेवला. धोकादायक, ताबडतोब पाडावी. खालची सही बघूनच कळलं. आमच्या धंद्यात याला सगळे सहीबहाद्दर म्हणतात. इमारत बघायला गेला तर याची तब्येत बिघडते.

वाचत गेले. दुसऱ्याच ओळीत – "सदर चार मजली इमारत".

चार! अरे, निदान रस्त्यावरून जाताना मान तरी वर करायचीस! मजले तरी मोजायचेस!

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. अध्यक्ष म्हणतात, "टायपिंगची चूक, बरोबर?" मोठ्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू दाबत होत्या की काय, कळलं नाही.

मी उभी राहिले आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हटलं, हा माणूस सही करतो तशी मी केली असती तर तुम्ही मला चहा पाजला असतात. न बघता धोकादायक ठरवता येतं, तर उद्या न बघता सुरक्षितही ठरवाल. मग पोरं मेली की कुणाच्या नावाने बोंब मारायची?

धाकटा एक शब्द बोलला नाही. पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होता. त्याची बाजू सोडा, माझी सोडा, चार मजले म्हटल्यावर तरी तोंड उघडायचं! षंढासारखा बसून राहिला.

१७ फेब्रुवारी

त्याचा फोन आला होता. उचलला नाही.

१८ फेब्रुवारी

आजही नाही.

२० फेब्रुवारी

रविवार. सकाळी दारात धाकटा. हातात ड्रॉइंगची गुंडाळी, दाढी वाढलेली. म्हटलं, ऑफिस बंद आहे. म्हणाला, "ऑफिसात नाही आलो. बहिणीकडे आलोय."

आत घेतलं. चहाचं विचारलं नाही. तोच स्वयंपाकघरात जाऊन दोन कप करून घेऊन आला. साखर जास्त.

मग म्हणाला, "ताई, चार मजले लिहिलेत ग त्याने."

"मला वाचता येतं."

"त्या कागदावर मी माझी इमारत उभी करणार होतो."

गुंडाळी सोडली. जुनी शाळा! तशीच्या तशी. व्हरांडा दुरुस्त. मुलींचं स्वच्छतागृह सगळ्यात आधी. वरच्या मजल्याच्या पश्चिमेच्या खिडक्यांवर ऊन अडवायला छज्जे, गच्चीवर पांढरा थर आणि सोलर. काच नाही. वेली नाहीत. एक नवा जिना तेवढा, तोही मागच्या बाजूला. रेषा बघून कळत होतं की मन लावून काढलंय. पोरगा हुशार आहे, हे मी कधी नाकारलंय?

"आणि मानांकन?"

"नाही मिळणार. जुनं राखलं त्याला फारसे गुण नाहीत."

"आणि अध्यक्ष?"

परवा दुपारीच तो ट्रस्टपुढे उभा राहिला होता. हीच इमारत ठेवा, नाहीतर दुसरा आर्किटेक्ट शोधा. अध्यक्षांनी विचारलं, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, बरोबर? हा म्हणाला, "माझ्या बहिणीने सुरक्षित म्हटलंय. म्हणजे सुरक्षित." बाकीचे विश्वस्त त्याच्या बाजूने गेले. मोठ्या बाईंनी टाळी वाजवली म्हणे, एकटीनेच.

मला रडू आलं. मग रडू आलं म्हणून राग आला. त्याला म्हटलं, इतकं चांगलं काढता येतं तर आधी काच कशाला काढत होतास, गाढवा!

"तू आधी शिव्या देत नव्हतीस म्हणून."

भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. त्या बीमवरून तो पुन्हा बोललाच. पण जेवायला थांबला. दोन वेळा भात घेतला. भावजयीला फोन करून सांगितलं, तुझा नवरा जेवतोय.

जाताना म्हणाला, "दुरुस्तीचं डिझाइन करायचं तर आता कोअर लागतील ना?"

लागतील. येत्या रविवारी काढू, शाळा बंद असते. सोपस्कार आहे.

२३ फेब्रुवारी

सहीबहाद्दर एका लग्नात भेटला. "काय मॅडम, आमच्या पोटावर पाय!" म्हटलं, आधी मजले मोजायला शिका. लोकांदेखत म्हटलं. बरं वाटलं. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२७ फेब्रुवारी

कोअर काढले. त्यावर औषध फवारलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. एकही झाला नाही. वरच्या मजल्याच्या खांबांचे तर नळीतून बाहेर येतानाच हातात भुगा झाले. आतल्या सळीचे पापुद्रे नखाने निघाले. जुन्या काँक्रीटची साल दगडासारखी कडक होते आणि हातोडा फक्त साल वाचतो. ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी बजावते.

धाकटा शेजारी उभा होता.

मोठ्या बाईंना तिथूनच फोन केला. उद्या एकही मूल आत येता कामा नये. त्या म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीच तर..."

हो. इतके दिवस ती पोरं माझ्या सहीखाली बसली होती.