घरात माणसं किती

आबा,

गेल्या महिन्यात आपल्या घरी डॉक्टरकीची पोरं आली होती. अजून डॉक्टर झालेली नाहीत, शिकतायत. एक मुलगी, एक मुलगा, अंगात पांढरे कोट, बूट चिखलानं भरलेले. प्राथमिक आरोग्य केंद्रानं त्यांना बेडशाकडच्या वाड्यावस्त्यांवर सोडलंय. शुगरचे पेशंट केंद्रात येतात ते पाय काळा पडल्यावर, म्हणून आधीच घरोघर जाऊन रक्त आणि पाय तपासायचे, असा त्यांचा प्रोजेक्ट. ऐकायला बरं वाटतं. पण मी तुमची मुलगी, काही बरं वाटलं की मला आधी संशय येतो. मागेही अशीच एक तुकडी आली होती. हात कसे धुवावेत याचं नाटक करून, फोटो काढून गेली. नळाला पाणी नव्हतं, तेव्हा हात धुतल्याचासुद्धा अभिनयच केला. पुन्हा कुणी फिरकलं नाही.

शिवाय हल्ली दारात येऊन "घरात माणसं किती" विचारणारा सरळ नसतोच. पाण्याच्या टाकीचा सर्व्हे म्हणून एक जण आला, चहा पिऊन सगळ्या भावंडांची चौकशी करून गेला, आणि आठवड्याभरात लोणावळ्याचा जमिनीचा एजंट दारात हजर. कुणाकुणाची सही लागेल, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हापासून गावात कुणी बाहेरच्याला बहिणींची नावं सांगत नाही. लग्न होऊन गेलेल्यांची नाही, आणि माझ्यासारख्या परत आलेल्यांची तर नाहीच नाही.

ही रीत मी तुमच्याकडूनच शिकले. लहान होते, जनगणनेचे मोजणीवाले आले होते. तुम्ही ओट्यावर बसलाय, मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभी. पोरं किती, असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही म्हणालात, एकच पोरगा. ते गेल्यावर मी तोंड फुगवलं, तर डोक्यात टपली मारून म्हणालात, "येडे, भायेरच्याला घर मोजू द्यायचं नसतं." मला ती हुशारी वाटली. शाळेत सगळ्यांना सांगितलं मी. आता विचार येतो, तुम्ही मला त्यांच्यापासून लपवत होता की वाटणीपासून? मेलेल्या बापावर संशय घेऊ नये म्हणतात. पण तुमच्या माघारी भाऊ हक्कसोडीचा कागद पुढे करतो आणि सांगतो, आबांचीच इच्छा होती. मी सही केलेली नाही. तो काही वाईट नाही, रोज जेवलीस का विचारतो. फक्त जेवलीस का विचारून झालं की कागदाचं विचारतो.

तर ती मुलगी ओसरीवर बसून भावजयीला विचारतेय. चौघं, भावजय सांगते. धनी, मी, दोन पोरं. मी चहा घेऊन बाहेर आले. मुलीनं कप घेतला नाही, ती फरशीकडे बघत होती. माझ्या पावलामागे रक्ताचे ठिपके उमटले होते. मी गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये कामाला जाते. तिथला काटा चपलेतून टाचेत घुसला होता आणि मी सकाळपासून त्याच्यावर चालत होते. दुखत नाही का, तिनं विचारलं. नाही, मी म्हटलं. मग तिनं मला डोळे मिटायला लावले, दोऱ्यासारखं काहीतरी तळव्याला टेकवत राहिली आणि कळतंय का विचारत राहिली. मला काहीच कळत नव्हतं. बोटातलं रक्त घेतलं तर शुगर भरमसाट. पाय असाच राहिला तर कापायची वेळ येईल, असं ती हळूच म्हणाली.

"या कोण?" तिनं भावजयीला विचारलं.

"पाव्हनी हाय. दोन दिसांसाठी आलीया."

मुलगा म्हणाला, मग यांनी आपल्या गावच्या केंद्रात दाखवायला हवं. इथं घरी येऊन पट्टी करायची ती इथल्या माणसांचीच. मुलीनं तरी वही उघडून माझं नाव विचारलं, तेवढ्यात भाऊ दारात आला. "आन नाव कशाला पायजे? एकदा लिवलं की उद्या ते कुटं जाईल, सांगता येतंय व्हय?"

आबा, त्याचं चूक नव्हतं. ते नाव कुठे जाईल हे मलाही ठाऊक नव्हतं. मी त्या मुलीच्या तोंडाकडे बघितलं. टाकीच्या सर्व्हेवाल्याचं तोंडही असंच गोड होतं. पण सासरी माझं नाव कधीच पुसलंय, आणि इथं मी पाहुणी. मग माझा पाय कुठल्या गावात जाऊन दाखवायचा होता मी?

"पाव्हनी न्हाई मी," मी म्हटलं. "हितंच ऱ्हाते. पाच लिवा."

भाऊ आत निघून गेला. त्या दिवशी जेवलीस का विचारलं नाही त्यानं.

मुलगी अजून येते, प्रोजेक्ट संपला तरी. यातही तिचं काहीतरी असणार असं मी धरून चालते. पायाचा फोटो कॉलेजात दाखवू का, म्हणाली. मी म्हटलं, पाय दाखव, तोंड नको. भावानं कागद पुन्हा काढलेला नाही, आणि तो का काढत नाही याचाही मला घोर लागलाय. खोड जात नाही, तुमचीच आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी, घडी करून ट्रंकेत ठेवीन. एकच सांगायचं राहिलं, ते भावजयीला सांगता आलं नाही. त्या दिवशी मुलीनं माझा पाय, चिखल-रक्तासकट, सरळ आपल्या मांडीवर घेतला, त्या पांढऱ्या कोटावर, आणि काटा उपसला. मी ढसाढसा रडले. भावजय धावत आली, तिला म्हटलं, औषध झोंबलं गं. मुलगी खाली मान घालून पट्टी बांधत राहिली. त्या पायाला काही झोंबत नाही, हे तिला माहीत होतं.