भरलेला खड्डा बुजवू नये याबाबत

प्रति,
मा. सचिव,
बेट परिषद कार्यालय,
तेबिकेराओई बेट, किरिबास.

अर्जदार : नेई अरोइता, विधवा, राहणार उत्तरेचे गाव, चर्चच्या मागे.

विषय : तांदळाच्या गोदामासाठी माझा बाबाईच्या कंदांचा खड्डा बुजवण्याचे काम थांबवणेबाबत.

संदर्भ : मागच्या रविवारी मी प्रार्थनेला गेले असताना माझ्या खड्ड्याभोवती ठोकण्यात आलेल्या लाल फितीच्या खुंट्या.

महोदय,

मी खाली सही करणारी आपणास आदरपूर्वक कळवते की,

१. वरील खुंट्या कोणी ठोकल्या हे गावात कोणीही सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे म्हणूनच कोणी सांगत नाही, असा माझा समज आहे. आपले कारकून टेन तोकारेई यांच्याकडे चौकशी केली. ते म्हणाले, पुढच्या जहाजाने माती ढकलण्याचे यंत्र येणार आहे आणि परदेशी मदत संस्था ‘वापरात नसलेले’ खड्डे बुजवून त्यावर गोदाम बांधणार आहे. माझा खड्डा वापरात नाही हे संस्थेला कोणी सांगितले, असे मी विचारले. त्यावर ते म्हणाले, “आजी, तुम्हीच सांगितलंत.”

२. हे खरे असल्यामुळे खुलासा करणे भाग आहे. गेल्या वर्षी संस्थेचे पाहणी पथक आले तेव्हा मनेआबात, म्हणजे गावाच्या सभाघरात, सगळे गाव जमले होते. पथकातल्या मुलीने भर सभेत विचारले, की कोणाच्या खड्ड्यात किती बाबाई आहे. आपण याच बेटांतले आहात, तेव्हा आपल्याला रीत सांगायला नको. आपल्या खड्ड्यात काय आहे हे चारचौघांत सांगणारा निर्लज्ज, आणि दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावणारा त्याहून निर्लज्ज. त्यामुळे टेन कौरे उठून म्हणाले, “माझ्या खड्ड्यात काय असणार? खेकडे.” शेजारचे टेन बिरिबो म्हणाले, “तुझ्याकडे खेकडे तरी आहेत! माझे उपाशी राहून कंटाळले आणि तुझ्याकडे राहायला गेले.” सगळे मनेआबा हसले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटले, “मी म्हातारी बाई. माझा खड्डा मला पाय घसरून पडायला तेवढा उपयोगी आहे.” मलाही पुष्कळ हसले. दुभाषा राजधानीत वाढलेला. त्याने शब्द सगळे सांगितले, हसण्याचे मात्र काही सांगितले नाही. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

३. इथे माझी शंका सुरू होते. हे बोलणे चालू असताना पाहुण्यांपुढे आम्ही बायकांनी ताटे मांडली होती. त्यांत नारळाचे दूध आणि ताडीचा पाक घालून केलेली बाबाई होती. पथकाच्या प्रमुखांनी ती दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा नको म्हणाले, पण हात पुढे होता. मग या लोकांना आपण काय खात आहोत हे कळले नाही काय? पोटात बाबाई आणि कागदावर ‘बाबाई नाही’, हे एकाच माणसाला कसे जमते? मी त्यांना वाईट म्हणत नाही. परंतु गोदाम बांधायचे आधी ठरले होते आणि उपाशी माणसे नंतर शोधली, असे मला वाटते. गोदाम ओस पडून चालत नाही.

४. मी कृतघ्न आहे असा आपला ग्रह होऊ नये. मी लहान असताना मोठा दुष्काळ पडला. विहिरींना खारे पाणी आले, नारळ पोकळ झाले. तेव्हा जहाजाने तांदूळ आला, म्हणून माझी धाकटी बहीण जगली. त्या पोत्याचा वास मला अजून आठवतो, आणि तो गोड आहे. पण नंतर पाऊस आला, विहिरी गोड झाल्या, आणि जहाज येतच राहिले. त्याआधी संध्याकाळी खड्ड्याखड्ड्यांतून माणसांच्या गाण्याचा आवाज यायचा. माझी आई गुडघाभर पाण्यात उभी राहून कंदांभोवतीच्या टोपल्यांत खताचा पाला दाबायची. कोणता पाला, कोणत्या चंद्राला, हे ती माझ्या कानात सांगायची आणि मी आपल्या कार्यालयालाही सांगणार नाही. आता तरुण मंडळी म्हणतात, “चिखलात कोण उतरणार? तांदूळ शिजायला किती वेळ लागतो?” लागत नाहीच.

५. गोदामाला जागा हवीच असेल तर धक्क्याजवळ मासे गोठवण्याचे घर रिकामे आहे. तेही मदतीचेच. विजेचे यंत्र बंद पडल्यापासून त्यात कोंबड्या अंडी घालतात. भिंती पक्क्या आहेत, दार आहे, कुलूपही आहे. मी हे टेन तोकारेई यांना सुचवले. ते म्हणाले, “आजी, असं कसं? ते दुसऱ्या देशाचं आहे. दारावर त्यांची पाटी आहे.” मी विचारले, “आणि माझा खड्डा कोणाचा आहे?” ते म्हणाले, “त्याच्यावर पाटी नाही.” हे त्यांनी चेष्टेने म्हटले की कार्यालयातर्फे, याचा कृपया लेखी खुलासा व्हावा.

६. मी हा अर्ज करणार आहे हे कळल्यावर टेन बिरिबो काल माझ्याकडे आले. एरवी ते खोकून आत येतात. काल न खोकता आले. म्हणाले, “नेई अरोइता, तू तोंड उघडलंस तर संस्था म्हणेल, बेटावर खायला आहे. मग आमचाही तांदूळ जाईल. तुझ्या एका खड्ड्यापायी?” मी म्हटले, “तुमचा खड्डा नाही घेतला त्यांनी.” त्यावर ते म्हणाले, “माझ्या खड्ड्यात खरंच खेकडे आहेत गं.” आणि खाली बघत बसले. ते माझ्या नवऱ्याचे मित्र होते. त्यांच्या खड्ड्यातून एके काळी चार माणसे मिळून एक कंद वर काढायची. मी त्यांना नारळ फोडून दिला आणि तरीही अर्ज करणार म्हणून सांगितले.

७. माझी नात नेई रोतिया हिचे लग्न नाताळात आहे. मुलाकडे आमच्या खड्ड्यातली बाबाई जायची आहे. आमच्या घरातून गेलेली प्रत्येक मुलगी अशीच गेली. मी तिच्यामागून दुसऱ्या देशाचा शिक्का मारलेले पोते पाठवू काय? की तिच्या सासूला गोदामाची फरशी दाखवू?

८. टेन तोकारेई म्हणतात, खड्डा वापरात आहे याचा पुरावा द्या. पुरावा म्हणजे जे माझ्या आईने मरेपर्यंत कोणाला म्हटले नाही, ते मी म्हणायचे. तर मी म्हणते. महोदय, माझ्या खड्ड्यात बाबाई आहे. पुष्कळ आहे. मधल्या रांगेतली पाने माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत, आणि तिथला सर्वांत जुना कंद माझा नवरा जिवंत असताना लावलेला आहे. माझ्याकडे खायला आहे आणि मला तांदूळ नको. हे लिहिताना माझे कान तापले आहेत. हा अर्ज मनेआबात मोठ्याने वाचू नये, ही वेगळी विनंती.

तरी यंत्र जहाजातून उतरण्यापूर्वी आपण स्वतः यावे आणि माझ्या खड्ड्यात उतरून पाहावे. घरच्यांखेरीज आजवर तिथे कोणी उतरलेले नाही. कारकुनाला पाठवू नये. परदेशी पाहुण्यांना आणायचे असल्यास जरूर आणावे, पण दुभाषा बदलावा.

आपल्या उत्तरावर फारसा भरवसा नसलेली, तरीही वाट पाहणारी,

(सही)
नेई अरोइता
दि. १४ ऑगस्ट २०१७

सोबत : वरील खड्ड्यातील बाबाई, उकडलेली, पानात बांधून, एक मोठा तुकडा. हा अर्ज टेन तोकारेई यांच्या हातून आपल्याकडे येणार आहे. पोच देण्यापूर्वी तुकडा मोठाच आहे ना, हे पाहून घ्यावे.