बावखलावरचे लोपीस

फुजैरा, यूएई

प्रिय अँजेलाबाय,

पर्सीदादाचा जय ख्रिस्त. माझी तब्येत ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेतो. तुझा गुडघा कसा आहे?

पण डोकं तापलंय. नातजावई जर्मन, मुलगा भला. काल जेवताना सांगत होता, त्यांचं आडनाव ओबरक्रूग, म्हणजे गुत्त्याच्या वरच्या अंगाला राहणारे. जगात जेमतेम चाळीस घरं उरलीत म्हणे. सगळे कौतुकाने ऐकत होते. माझा लेक ज्युड हसला, "आमचे लोपीस काय, वसईत गल्लोगल्ली!"

मी म्हटलं, "आपण बावखलावरचे लोपीस." तर नात पामेला म्हणते, "ग्रँडपा, दॅट्स जस्ट अ पाँड!"

गुत्त्यावरून पडलं ते आडनाव, आणि आपल्या गोड्या तळ्यावरून पडलं ते काहीच नाही? मी ताटावरून उठलो.

आठवतं, वर्गात पाच लोपीस होते? कवितेच्या तासाला गुरुजी हाक मारायचे, "बावखलावरच्या, तू म्हण!" अजून कविता ओठांवर आली की आधी तीच हाक ऐकू येते.

आणि तेच बावखल बुजवून पार्किंग करायला ज्युडने परस्पर होकार दिलाय. विषय खलास म्हणे! बाय, भरावाचा ट्रक आला तर फाटक उघडू नकोस. सांग त्यांना, या नावाची चाळीस घरं नाहीत, दोनच म्हातारी माणसं उरलीत. त्यातला एक परत निघालाय.

तुझा,
बावखलावरचा पर्सी