श्रूजबरीत आयरिश नाटक

६ सप्टेंबर, शनिवार
इथल्या श्रूजबरीच्या लायब्ररीच्या सेलमध्ये एक विसरलेलं आयरिश नाटक मिळालं. एका बैठकीत वाचलं. (मध्ये दोनदा चहा.) पूर्वी तिकडे आयर्लंडात पोरगा इकडे अमेरिकेला निघाला की आदल्या रात्री गाव जमायचं, जेवायचं, नाचायचं आणि तो मेल्यासारखं रडायचं. कारण गेलेला परत येत नसे. नाटक त्या एकाच रात्रीचं. नायक मायकल आईला सांगतो, दोन वर्षांत परत येतो.

शंभर वर्षांत याला कोणी हात लावलेला नाही. मी लावणार. मराठीत, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला. परदेशातलं दुःख माझ्याइतकं कोणाला कळणार? अर्थात माझी गोष्ट वेगळी. मी पुढच्या वर्षी नागपूरला परत जातोच आहे.

उल्का म्हणाली, आधी गराज आवर. बायकोला कलेचं काही नाही.

१४ सप्टेंबर, रविवार
अनुवाद जोरात. तीन पानं झाली. आई सहा महिन्यांसाठी आली आहे, तिला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. शेवटी विचारलं, त्या मुलाने स्वेटर घेतला का?
फार आत पोचलं असावं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
मंडळाच्या अध्यक्ष शैलाकाकूंनी दोन तासांच्या नाटकाला वीस मिनिटं दिली. मुलांच्या डान्सनंतर, जेवणाआधी. मी ठणकावून सांगितलं की कलेला अशी कात्री लावता येत नाही. त्यावर विसाची बारा झाली.
ऑफिसच्या मीटिंगमध्ये लक्ष लागत नाही. मॅनेजरला वाटतं मी नोट्स घेतो. मी लाइट्स आखतो.

१२ ऑक्टोबर, रविवार
पहिली तालीम. दोन नट गैरहजर: सत्यजितच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज, संजीवची पिकलबॉलची मॅच. उरलो मी आणि उल्का. मायकल मीच. लेक अनिका म्हणाली, डॅड, ही इज नाइन्टीन अँड यू आर फिफ्टी-वन. मेकअप नावाची गोष्ट असते, हे या पिढीला कोण सांगणार!
आयरिश सल्लागार म्हणून शेजारच्या पॅट्रिकला गाठलं. तो आयर्लंडला कधी गेलेलाच नाही. पणजोबा आले होते म्हणे, दोन वर्षांसाठी. योगायोग.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सगळं तयार. निरोपाच्या जेवणाचा प्रवेश रिअ‍ॅलिस्टिक करतोय. स्टेजवर खरी पुरी-भाजी, खरा मसालेभात. शैलाकाकू नको नको म्हणत होत्या. मी ऐकतो थोडाच.
यानंतरचा प्रयोग नागपूरला, मग डब्लिनला.

८ नोव्हेंबर, शनिवार
प्रयोग झाला.
मायकलची आई म्हणजे उल्का. तिने पातेल्यावरचं झाकण काढलं, वास सुटला आणि ती म्हणाली, या हो सगळे, जेवायला या! ओळ माझीच. डान्स बघून भुकेजलेला अख्खा हॉल उठला आणि स्टेजच्या पायऱ्यांवर रांग लागली. सत्यजित गावकरी होता, तो भूमिका न सोडता वाढायला लागला. एका काकूंनी मला विचारलं, मुलांचा पिझ्झा कुठे ठेवलाय?
खुर्चीत एकटी आई उरली. कलावंताने थांबायचं नसतं. तिच्याकडे बघून म्हटलं, आई, दोन वर्षांत परत येतो.
ती हसत होती. मी न जेवताच गाडीत जाऊन बसलो.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी आईला म्हटलं, तू तरी हसायला नको होतंस, लोक रांगेत उभे राहिले त्यात माझी काय चूक? ती म्हणाली, रांगेला कोण हसलं? तू परत येतो म्हणालास, तिथे हसू आलं. तू निघालास त्याच्या आदल्या दिवशी मीही पुरी-भाजीच केली होती. चाळीस माणसं जेवली. सगळ्यांना वाढलं आणि मग मागच्या अंगणात जाऊन रडून घेतलं. मला तेव्हाच माहीत होतं रे.
अगदी सहज सांगितलं. पुढे म्हणाली, काल तू जेवलाच नाहीस, भात गरम करू का?
पुढच्या वर्षी नक्की परत येतो, असं सांगायला तोंड उघडलं होतं. हो म्हटलं आणि जेवायला बसलो.