मोहरेची आंघोळ

धुळे,
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

चि. नवल यास,

येथील सर्व क्षेम आहे. थंडीमुळे तुझ्या वहिनीचे, कोकिळेचे, गुडघे दुखतात. बाकी तक्रार नाही. तिकडे जळगावला पिंप्राळ्यात तुम्ही सर्व कुशल असाल, असे गृहीत धरतो. पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहिलेला नाही. तो विसरलेला नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

तुमच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या स्मरणिकेतील ‘वहिनीची चिंच’ हा तुझा लेख मी तीनदा वाचला. शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने दाखवून अंक सोबत परत पाठवत आहे. त्या चुका क्षम्य आहेत. तुझ्या हकिकतीतल्या चुका मात्र तांबड्या शाईने भागण्यासारख्या नाहीत. म्हणून हे पत्र.

‘टांकसाळीने मला निवडले’ असे तू लिहितोस. टांकसाळीने कोणालाही निवडलेले नाही. सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे पडून असलेली, राजाच्या छापाची सोन्याची नाणी संग्राहकांसाठी बाहेर काढली गेली, अर्जांचा ढीग पडला, सोडत झाली आणि तुझी चिठ्ठी निघाली. सोडतीत चिठ्ठी निघणे याला कर्तृत्व म्हणत नाहीत.

पुढे तू लिहितोस की, ती मोहर वहिनीने हट्टाने मागून घेतली. हे असत्य आहे. आपल्या घरात नवे सोने आले की ते प्रथम थोरल्याच्या देव्हाऱ्यात जाते. वडिलांच्या हयातीपासून हा नियम आहे आणि तो तूही पाळलास. धनत्रयोदशीला तू स्वतः मोटारीने धुळ्यास आलास, मोहर देव्हाऱ्यात ठेवलीस आणि ‘पाडव्याला येऊन घेऊन जाईन’ असे सांगून दुकानाच्या पूजेसाठी जळगावास परतलास. कोकिळेने त्या मोहरेकडे मान वर करूनही पाहिले नव्हते.

मोहर पारदर्शक सीलबंद डबीत होती. ‘डबी उघडायची नाही, हात लागला की मोल गेले,’ असे तू बजावले होतेस. खरे सांगतो, मला तेव्हाच शिसारी आली. जिला पाडल्यापासून कोणाचा तळहात ठाऊक नाही, जिने कोणाचे लग्न पाहिले नाही की आजारपण निभावले नाही, ती लक्ष्मी उत्तम. आणि जी दहा घरांत हाताळून झिजली, ती दुय्यम! सरकारच्या अंधारातून काढायची आणि लॉकरच्या अंधारात कोंडायची, यालाच तुम्ही छंद म्हणता. पांढरे हातमोजे चढवून, डोळ्याला भिंग लावून तुमचे सभासद एकमेकांच्या नाण्यांवरचे ओरखडे शोधतात, तेव्हा मला उपवर मुलीचे दात मोजणारे जुने सोयरे आठवतात.

आता मुख्य चूक. ‘माय गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत हा प्रसंग घडला,’ असे तू लिहिले आहेस. नवल, घरात मृत्यू झाला की वर्षभर सण होत नाही. त्या दिवाळीला आपल्या दारात पणतीही लागली नव्हती. ‘नाना, यंदा फराळ करू नका, आम्हीही करणार नाही,’ हे तूच मला दूरध्वनीवरून सांगितलेस. मग लक्ष्मीपूजन कोठले आणि नाणी धुणे कोठले? खानदेशातला कोणताही शहाणा वाचक या वाक्यापाशी थांबेल. तुमच्या मंडळात कोणी थांबला नाही, कारण सर्वांना पुढच्या हशाची घाई होती.

प्रसंग त्याच्या आदल्या वर्षी घडला. तेव्हा माय होती.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी झेंडूची फुले आणि बत्तासे आणावयास पाचकंदील भागात गेलो होतो. कोकिळा स्वयंपाकघरात होती. परतलो, तेव्हा माय देव्हाऱ्यापुढे पाय पसरून बसली होती. पुढ्यात चिंचेचा कोळ, चुलीची राख, नारळाची शेंडी. पूजेची जुनी नाणी ती दरवर्षी अशीच घासत असे, हे तुला ठाऊक आहे. शेजारी अडकित्ता आणि तुझ्या डबीचे तुकडे पडले होते. तिच्या अंगठ्यातून रक्त वाहत होते, आणि तळहातावर तुझी मोहर लखलखत होती.

“माय, हे काय केलेस?” मी म्हणालो.

“शंभर वरीस अंधारामा कोंडाई राहिनी बिचारी,” माय म्हणाली. “घरमा उनी, तिले आंघोय नको का?”

तिने अंगठ्याला राखेसकट चिंधी गुंडाळली आणि उरलेली नाणी घासायला घेतली.

पाडव्याला तू आलास. सोबत तुमचे अध्यक्ष निर्मलकुमारजी होते. तू हातमोजे घातलेस, भिंग काढलेस, राजाच्या गालावरचे ओरखडे पाहिलेस आणि विचारलेस, “हे कोणी केलं?” कोकिळा चहाचे पेले ठेवत होती. पेले ठेवता ठेवताच ती म्हणाली, “मीच धोयं, भाऊ.”

“वहिनी, मोहर होती ती! पितळी तांब्या नव्हता!”

“भाभीजी, एवढी चिंच आमटीत घातली असती, तर आम्ही बोटं चाटली असती,” असे निर्मलकुमारजी म्हणाले आणि तुम्ही दोघे हसलात.

कोपऱ्यातून माय तुलाच विचारत होती, “चमकस ना रे, नवल?” तिला धड दिसत नव्हते, चमकते की नाही, हे तिला कोणीतरी सांगणे आवश्यक होते. ते तू सांगितले नाहीस.

तुम्ही गेल्यावर मी कोकिळेला जाब विचारला. ती म्हणाली, “मायनं नाव काढू नका. तिले वाटी राहिनं, तिनी लक्ष्मी उजाळी. वाटू द्या.” तो शब्द मी आजपर्यंत पाळला.

नवल, मला असे वाटत होते की, तुला खरे ठाऊक नाही. म्हणून ही दोन वर्षे मी तुझा राग केला नाही. परंतु निघताना मायच्या अंगठ्याची चिंधी पुन्हा रक्ताने भिजलेली पाहून तूच ती सोडली होतीस आणि आपल्या रुमालाची पट्टी फाडून बांधली होतीस. अंगठ्याच्या चिरेत अजून राख होती. चिंधीला चिंचेचा वास होता. तो अंगठा तुझ्या हातात होता. त्या वेळी तू कोकिळेकडे एकदा पाहिलेस आणि मान खाली घातलीस. ते वहिनीवर ओरडल्याच्या शरमेने झाले, असे मी समजलो.

लेख वाचल्यावर समजले की, तुला सर्व ठाऊक होते. म्हणूनच तुला वर्ष बदलावे लागले. आईवर हसता येत नाही. भावजयीवर हसता येते. त्यासाठी मायला प्रसंगाच्या आधीच मारून घराबाहेर काढणे तुला सोयीचे वाटले. मला तुझ्या मोहरेची किळस नाही. त्या बिचारीची आंघोळ झालेली आहे.

येत्या प्रदर्शनात व्यासपीठावर वहिनीचा ‘चिंचेची पुडी देऊन सत्कार’ आहे, असे स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर छापले आहे. कोकिळेने हे वाचलेले नाही. तू दूरध्वनीवर ‘वहिनी, तुमचा सत्कार आहे, यायचंच’ असे म्हणालास, तेवढेच तिला ठाऊक आहे. मायची सेवा केली म्हणून भाऊ बोलावत आहेत, अशी तिची समजूत आहे. हिरवे लुगडे तिने काढून ठेवले आहे. मी हे लिहीत असताना ती अंगणात बसून तुझ्या घरासाठी चिंच निवडत आहे. “भाऊले आवडस, थोडी जास्तीच लई जाऊ,” असे आताच म्हणाली. तिला काय सांगावे?

ती पुडी रद्द कर. त्याच व्यासपीठावरून, त्याच लोकांसमोर, मोहर कोणी धुतली आणि कोणी अंगावर घेतले, ते स्वतःच्या तोंडाने सांग. तू सांगितले नाहीस, तर मी पहिल्या रांगेतून उठून सांगेन. मला ध्वनिक्षेपक लागत नाही.

आशीर्वाद राखून ठेवणारा,
तुझा थोरला भाऊ,
प्रेमराज

ता. क. लेखातील तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात :

१० नोव्हेंबर २०२३, शुक्रवार : धनत्रयोदशी. मोहर नवलने स्वतः धुळ्यास आणली.

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार : लक्ष्मीपूजन. मोहर मायने धुतली.

१४ नोव्हेंबर २०२३, मंगळवार : पाडवा. दोष कोकिळेने घेतला. मायचा अंगठा नवलने बांधला.

१९ जानेवारी २०२४, शुक्रवार : माय गेली. त्याआधी नाही.

१ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार : आपल्या घरी दिवाळी नव्हती.

२५ जानेवारी २०२६, रविवार : प्रदर्शन. कोकिळा येईल. चिंच ती घरची आणील.