चार नाटकांचा सीझन

४ ऑगस्ट, सकाळ
विभागप्रमुख म्हणून माझा शेवटचा सीझन. चार नाटकं ठरली. तीन इतर शिक्षक बसवतील. चौथं मी लिहिलेलं, दिग्दर्शनही माझंच. नायिका आमची कन्या. ती याच विभागात दुसऱ्या वर्षाला आहे. वशिला नाही, रीतसर ऑडिशन घेतली. परीक्षक मी एकटाच होतो, पण अत्यंत निःपक्षपाती होतो.
संकल्प: यंदा तालमीत आवाज चढवायचा नाही.

५ ऑगस्ट
पहिली तालीम. आवाज चढवला नाही. स्क्रिप्ट फेकली, पण हलक्या हाताने.

११ ऑगस्ट
नायक सोडून गेला. म्हणे अभ्यास आहे. मी इतकंच म्हणालो होतो की तुझ्यापेक्षा कोपऱ्यातली खुर्ची बरी, ती निदान सांगितलेल्या जागी उभी राहते. यात अपमान कुठे आला? हल्लीच्या पोरांना साधा अभिप्राय सोसत नाही.

१९ ऑगस्ट
आणखी दोघं गेली. लाइट्स शिकवणाऱ्या मॅडम केबिनमध्ये आल्या होत्या. सीझनमधलं दुसरं नाटक त्याच बसवताहेत. मुलं तुम्हाला घाबरतात, असं त्यांचं मत पडलं. मी समजावलं की याला वचक म्हणतात. बाई लाइट्समध्ये हुशार आहेत. माणसांचं त्यांनी माझ्यावर सोडावं.

२७ ऑगस्ट, दुपार
आज जरा ताणलं गेलं.
तिसऱ्या प्रवेशात कन्या एकाच वाक्याला अडते. ‘मी दार उघडंच ठेवलं होतं.’ एवढंच वाक्य. सगळ्यांसमोर बावीस वेळा म्हणून घेतलं. तेविसाव्या वेळी तिच्या तोंडून शब्दच फुटेना. नुसती जमिनीकडे बघत उभी. मागे सेट ठोकत होता तो सुतार, त्याचाही हातोडा थांबला. मला म्हणाला, सर, जरा पाणी प्या. मला तहान नव्हती.
घरी परतताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. जागा होती.
आमची ही, म्हणजे कन्येची आई, सांगते, घरी कपड्यांच्या घड्या घालताना तेच वाक्य ती सुरेख म्हणते. म्हणजे दोष एकाग्रतेचा आहे. उद्यापासून पंचवीस वेळा.

२ सप्टेंबर
सकाळी चहा पिताना फोनवर मेसेज आला. ‘सर, मी या नाटकात काम करू शकणार नाही. क्षमस्व.’ पाठवणारी पलीकडच्या खोलीत. घरातल्या घरात ‘सर’!
हिला दाखवला. तिला आधीच ठाऊक होता. मी म्हणालो, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. ही कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुमच्या चपलांचा आवाज आला तरी ती बोलता बोलता गप्प होते. वर्ष झालं. तुमच्या लक्षात तरी आलं का?”
मी म्हणालो, कलावंताने इतकं संवेदनशील असायलाच हवं. चांगलं लक्षण आहे.
ही कणीक मळत राहिली. चहा तसाच राहिला.

१० सप्टेंबर
सीझन तीन नाटकांचा करतोय. माझं पुढे ढकललं. माझाही तोच विचार होता. संहितेवर आणखी काम करायला हवं. शिवाय नट उरले नव्हते.
मॅडमच्या नाटकाची कलाकारांची यादी सहीसाठी आली. सहाव्या ओळीवर कन्येचं नाव. भूमिका शेजारणीची, वाक्यं नऊ. घरी एका शब्दाने बोलली नव्हती.
सही केली. पेन नीट चालत नव्हतं.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
मॅडमच्या नाटकाचा प्रयोग. पहिली रांग माझी, पण मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. तिने मला पाहू नये म्हणून. असं मी पूर्वी कधी केलेलं नाही.
ती आली, नऊ वाक्यं बोलली. कुठे अडली नाही. पाचव्या वाक्याला चक्क थांबून लोकांना हसू दिलं, मग पुढे गेली. हे मी तिला शिकवलेलं नाही.
पडदा पडल्यावर मेकअपरूममध्ये गेलो. आत खिदळणं चाललं होतं. मी दार लोटलं आणि सगळे उठून उभे राहिले. सुताराने खुर्ची पुढे केली. मी बसलो. छान झालं म्हणालो. ती म्हणाली, थँक यू सर. मग ती आरशात बघून कापसाने गाल पुसत राहिली. पुसून झालेलाच गाल.
काम असल्याचं सांगून निघालो. जिन्यावर होतो तेव्हा वर पुन्हा हसणं सुरू झालं. त्यात तिचं वेगळं ओळखू आलं. घरी ते शेवटचं कधी ऐकलं, कठड्याला धरून आठवत राहिलो. आठवलं नाही.