घोडे धरून उभा असलेला शिपाई

मी, सौ. कमलिनी चारुदत्त ओगले, वय शेहेचाळीस, व्हिसावरच्या शिक्क्याप्रमाणे 'गृहिणी, नोकरीस परवानगी नाही', राहणार शारजा, ही माझी शेवटची इच्छा स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. येत्या शनिवारी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणाच्या दबावाखाली मी हे लिहीत नाही. मी लिहिते आहे हेच घरात कोणाला ठाऊक नाही.

१. घर. माझ्या नावावर घर नाही. आम्ही राहतो तो फ्लॅट माझे मोठे दीर श्री. चंद्रहास यांच्या मसाल्यांच्या कंपनीचा आहे, आणि माझे पती त्याच कंपनीत आहेत. दिवाणखान्यातले पडदे मात्र मी शिवलेले आहेत. ते जाऊबाई शोभनाताईंनी न्यावेत. बारा वर्षं त्यांचा त्यांच्यावर डोळा आहे.

२. दागिने. पाटल्या, मंगळसूत्र आणि देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक माझी मुलगी शुभ्रा हिला द्यावा. टाक तिने पुजला नाही तरी चालेल, पण घासून ठेवावा.

३. राग. आमच्या दोन घरांतल्या सातही माणसांचे पासपोर्ट भावजी औद्योगिक क्षेत्रातल्या गोदामात लोखंडी कपाटात ठेवतात. दर माणसामागे एक पाकीट, दर घरामागे एक रबरबँड, किल्ली त्यांच्या खिशात. "बायकामुलांच्या हातून वस्तू हरवतात," असं ते म्हणतात. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये माझी आई सांगलीला वारली. बुधवारी दुपारी फोन आला. भावजी कंटेनर सोडवायला खोर फक्कानच्या बंदरावर गेले होते, किल्ली त्यांच्याबरोबर.

"येतोच ना दोन दिवसांत," ते फोनवर म्हणाले. "आता तू धावत गेलीस म्हणून त्या काय उठून बसणार आहेत?"

"मी बोलतो दादाशी," हे म्हणाले. हे नेहमी बोलतात. भावजी शनिवारी आले. तोवर तिकडे सगळं खलास. हा राग मी कोणाला ठेवत नाही, माझ्याबरोबर नेते.

४. घोडेस्वार. शुभ्रा अकरा वर्षांची असताना तिच्या शाळेतले इतिहासाचे हॉवर्ड सर शुक्रवारी टेबलावर लढाया मांडायचे. बोटाएवढे शिशाचे शिपाई, फासे आणि मोजपट्टी. लढाया सोळाशे पंच्याहत्तरच्या, अमेरिकेतल्या; इंग्रज वसाहतवाले एका बाजूला, ज्यांची जमीन होती ते दुसऱ्या बाजूला. सर कोरे शिपाई द्यायचे आणि मी घरी ते रंगवायचे. पहिल्या खेपेला मी अकराच्या अकरा घोडे पांढरे केले, कारण माझ्या डोळ्यांसमोरचा घोडा खंडोबाचा. सर पोट धरून हसले. "एका तुकडीत इतके देव?" मग मी तपकिरी करायला शिकले. ज्यांची जमीन होती त्यांनाही मी तितक्याच मनाने रंगवलं आहे, याची नोंद असावी.

हे स्वार घोड्यावरून फारसे लढत नसत. दलदल आली, झाडी आली की उतरायचे. चौघांपैकी तिघे बंदूक घेऊन पुढे, आणि चौथा चारही घोड्यांचे लगाम धरून मागे. त्या चौथ्याची वेगळी मूर्ती असते.

"आई, ही डझन्ट डू एनीथिंग," शुभ्रा म्हणाली होती. "ही कान्ट ईव्हन शूट."

"मग ठेवलाय कशाला?"

"हा गेला ना, तर बाकीचे परत चढूच शकत नाहीत. दे आर स्टक. रूल आहे."

सत्त्याण्णवच्या त्या तीन दिवसांत मी तो शिपाई रंगवला. त्याच्या डोळ्यांतली बुबुळंसुद्धा काढली. सर म्हणाले, त्याच्याकडे कोणी बघत नाही. देश सोडून जाताना त्यांनी सगळी पलटण मला दिली. पासष्ट मूर्ती, खाचांच्या स्पंजमध्ये, निळ्या पेटीत. पेटी शुभ्राची. इतर कोणी ती उघडू नये.

५. शुभ्रा. तिला पुण्याच्या कॉलेजात इतिहासाला प्रवेश मिळाला आहे. "काका, आय गॉट इन!" म्हणत ती नाचत गेली, तर भावजी म्हणाले, "छान. आता ऑफिसात बस. पुणं काय पळून जातंय? दोन वर्षांनी बघू." मीही इथे दोन वर्षांसाठीच आले होते.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलने माझा पासपोर्ट मागितला. भावजींनी आमचा गठ्ठाच ह्यांच्या हाती दिला. "संध्याकाळी परत पाहिजे," म्हणाले. संध्याकाळी परत गेला. त्यात शुभ्राच्या पाकिटात तिचा लहानपणीचा, कोपरा कापलेला रद्द पासपोर्ट आहे. चालू पासपोर्ट निळ्या पेटीत, घोडे धरून उभा असलेल्या शिपायाच्या खालच्या स्पंजमध्ये आहे. माझा मी खराच परत केला. भावजी गठ्ठ्यातला वरचा उघडून बघतात, तेव्हा एक तरी खरा तिथे राहायला हवा होता.

अहो, तुमच्यावर माझा राग नाही. वाचायचा चष्मा फ्रिजवर असतो. या वेळी मात्र दादांशी बोलू नका. गप्प राहा, तेवढंच करा.

६. तिकीट. वीस जून, शुक्रवार सकाळ. शेजारच्या बिलकीसचे यजमान खैरुद्दीन तिकिटांच्या ऑफिसात आहेत, त्यांनीच ते काढलं. मी घरी परत आले तर मीच शुभ्राला विमानतळावर नेईन आणि हा कागद फाडून टाकीन. नाही आले, तर बिलकीसने न्यावं. ती मूळची रत्नागिरीची, शब्दाची पक्की.

७. दिवस. शुभ्रा, तू माझ्या दहाव्याला थांबायचं नाहीस, तेराव्याला तर नाहीच. आईच्या दिवसांना मला कोणी जाऊ दिलं नाही. माझ्या दिवसांसाठी तुला कोणी अडकवू नये.

भावजी धार्मिक आहेत, पिंड ठेवतीलच. शारजात कावळे पुष्कळ. पण माझी एकच इच्छा राहिली आहे आणि ती वीस तारखेच्या विमानाची आहे. ते उडालं असेल तर पहिलाच कावळा शिवेल. अडवलंत, तर भावजी, तुम्ही उन्हात हात जोडून उभे राहा. मी शिवू देणार नाही.

शारजा, गुरुवार, १२ जून २००३
सही: कमलिनी चारुदत्त ओगले

आमच्यासमोर सही केली:
१. खैरुद्दीन
२. बिलकीस (ताई, मरायचं नाव काढू नका. तिकीट माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्याकडे.)